गच्चीवरची बाग नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कशी टिकवायची? जुना कूलर, त्याचा पंप आणि 200 लिटरचा ड्रम पडून आहे

गच्ची_मानेवाडा

नमस्कार मंडळी. नागपुरात दुसऱ्या मजल्यावर उघडी गच्ची, सकाळी 8 पासून संध्याकाळी 6 पर्यंत सलग ऊन. 12 इंची 16 ग्रो बॅग आहेत, सगळ्या काळ्या. त्यात टमाटर, भेंडी, मिरची आणि थोडी बरबटी (चवळीच्या शेंगा). भरण शेतातली काळी माती आणि शेणखत, निम्मे-निम्मे. पाणी बोअरचे.

तीन अडचणी आहेत. पहिली, टमाटरला फूल येते आणि गळते. दुसरी, मिरचीची नवीन पाने पिवळी पडून राहिली, शिरा मात्र हिरव्याच. बॅगच्या काठावर पांढरा थरही दिसतो. तिसरी, मे अखेरीस आठ दिवस घर बंद राहणार आणि पाणी घालायला कोणी नाही.

दोन बाय दोन फुटाचा जुना लोखंडी कूलर, त्याचा पंप आणि झाकणाचा ड्रम पडून आहे. यातून पाण्याची सोय होईल का? पंपाला टायमर लावून ठिबक करावे असा विचार आहे.

---

कुंडीवाला

टमाटरचे आधी सांगतो, कारण त्यावर औषध नाही. दिवसाचा पारा 35 च्या वर आणि रात्रीचा 24-25 च्या वर राहिला की परागकण निकामी होतात, मग फूल गळणारच. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा 28 च्या आसपास राहतो. बोरॉन, टॉनिक, संजीवके यांवर पैसे घालवू नका. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी टाका, 25-30 दिवसांची रोपे सप्टेंबरात लावा, थंडीत बॅग भरून टमाटर निघतील. आताची झाडे काढून त्या बॅगमध्ये गवार, भेंडी, चवळई किंवा अंबाडी लावली तर जागा वाया जात नाही. चवळई तर 25 दिवसांत खुडायला येते. पालक आणि सांबार (कोथिंबीर) मात्र मे महिन्यात नको, दोन्ही लगेच तुऱ्यावर जातात.

दुसरे म्हणजे काळ्या बॅग. थेट उन्हात काळ्या प्लास्टिकची भिंत इतकी तापते की त्या बाजूची बारीक मुळे करपतात. वर पाणी घालूनही झाड दुपारी मान टाकते ते यामुळेच. पश्चिमेकडच्या ओळीला पांढऱ्या खताच्या गोणीचा झगा घाला, बॅग आणि गोणीत बोटभर फट ठेवा. खाली विटा ठेवून बॅग स्लॅबपासून उचला.

ग्रीन नेट 50 टक्क्यांची घ्या. 75 टक्क्यांची गार वाटते, पण तिच्याखाली भेंडी-बरबटी नुसती उंच होतात, शेंग धरत नाहीत. नेट झाडाच्या शेंड्यापासून किमान दोन फूट वर हवी, नाहीतर खाली हवा कोंडते. पश्चिम बाजूला एक पट्टी उभी सोडा, तीन ते पाचचे ऊन तिकडूनच येते. आणि नेट चारी कोपरे घट्ट आवळून बांधू नका. मे-जूनच्या वादळात ती शिडासारखी फुगते आणि पाइप उखडते. दोन कोपरे सुतळीचे ठेवा. वारा आला की सुतळी तुटेल, सांगाडा वाचेल.

---

काळी_माती

मिरचीचे दुखणे मातीत आहे. नवीन पान पिवळे आणि शीर हिरवी म्हणजे लोहाची कमतरता. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडली असती तर नत्र म्हटले असते. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (पीएच) बहुतेक 8 च्या आसपास. लोह मातीत असते, पण मुळांना उचलता येत नाही. तपासायचे असेल तर चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे.

म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, चुना त्याला लगेच अडकवून टाकतो. पानावर फवारा: 1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, मग 3 ग्रॅम हिराकस. पाणी फिकट हिरवट राहिले पाहिजे. तांबूस झाले तर ते बाद. सूर्य बुडाल्यावर फवारा, 8 दिवसांच्या अंतराने तीनदा. उन्हात फवारले तर पानावर जळके ठिपके पडतात. टाइल्सवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. मुळातून द्यायचेच असेल तर चिलेटेड लोह घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले पाहा. स्वस्त मिळते ते ईडीटीए असते आणि ते आपल्या सामूला टिकत नाही.

काठावरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. इथे एक सांगून ठेवतो. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालायची बऱ्याच घरी पद्धत आहे. कूलरमध्ये उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहून घट्ट होत जातात. ते पाणी कुंडीत घालणे म्हणजे मीठ घालणे. त्याने अंगण धुवा.

निम्मी काळी माती बॅगला फार जड होते. वाळली की ती आकसून बॅगच्या भिंतीपासून सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी बॅग पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. यावर उपाय म्हणून पसाभर कन्हान नदीची रेती मिसळतात, तेही चुकीचे आहे. थोडी रेती आणि चिकण काळी माती मिळून वीट तयार होते.

नवीन भरण असे करा: कोकोपीट 2 भाग, चाळलेली काळी माती 1, जुने शेणखत किंवा गांडूळखत 1, धानाचा तूस अर्धा भाग. तूस भंडारा-गोंदियाच्या राइस मिलचा स्वस्तात मिळतो. बॅगमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची 5 किलोची वीट फुगून 60-70 लिटर होते. ती दोनदा धुऊनच वापरा, तिच्यातही मीठ असते.

---

टाकी_आणि_तोटी

आता कूलर. पंप आणि टायमरचा बेत सोडा. कूलरचा पंप साधारण 18 वॅटचा, पाणी जेमतेम सहा फूट चढवतो. ठिबकच्या दाब-नियंत्रित ड्रिपरना त्याच्या कितीतरी पट दाब लागतो, त्यामुळे पहिल्या दोन बॅग भिजतील आणि शेवटच्या कोरड्या राहतील. शिवाय नवतप्यात लाइट गेली आणि टायमर थांबला, किंवा पाणी संपून पंप कोरडा चालला आणि जळला, तर आठ दिवस घरात कोणीच नाही.

कूलरची खरी कामाची वस्तू म्हणजे त्याचा फ्लोट. पाणी कमी झाले की उघडतो, भरले की बंद, विजेशिवाय. त्याच्यावर सगळी रचना उभी करा.

वरचा सांगाडा, मोटर, पंखा, ताट्या (गवताचे पॅड) काढून टाका. खालचा टब आणि फ्लोट तेवढा ठेवा. टब घासून गंज काढा आणि आत जाड ताडपत्रीचे अस्तर अंथरा. फ्लोटचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वरून आत येतो, म्हणून अस्तर त्याच्या खालीच संपवा, तिथे कापायची गरज नाही. भोक पडेल ते फक्त तळाच्या ड्रेनला. तिथे टाकीचे निपल दोन्ही बाजूंनी रबरी वायसर घालून आवळा. गळती झाली तर नव्वद टक्के इथूनच. रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी तपासा, मगच पुढे जा.

फ्लोटची दांडी वाकवून पाणी 15 सेंटिमीटरवर थांबेल असे करा. दोन बाय दोन फुटाच्या टबात हे सुमारे 54 लिटर होते. बॅग टेकवायला विटा ठेवू नका. एक वीट जवळजवळ दोन लिटर जागा खाते. त्याऐवजी 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे 17 सेंटिमीटरचे पाच तुकडे कापा. एक मधोमध टेकूला, चार बॅगखाली. त्या चारांना 6 मिलिमीटरची 20-25 भोके पाडा, बुडाला नेटचा तुकडा बांधा आणि ओले कोकोपीट दाबून भरा. शेणखत यात अजिबात नको, पाण्यात बुडाले की सडते आणि घाण वास येतो. हे झाले बॅगचे ‘पाय’, पाणी यांतूनच वर चढणार.

कूलरच्या बाजूच्या पत्र्याच्या जाळीत या चार पायांच्या मापाची भोके कापा आणि ती जाळी वर झाकण म्हणून ठेवा. कापलेल्या कडेला जुनी रबरी नळी चिरून चढवा, हात वाचतो. प्रत्येक बॅगच्या बुडाला फुलीसारखी चीर द्या आणि बॅग बरोबर पायावर बसवा. आतले कोकोपीट आणि बॅगचे भरण एकमेकांना घट्ट टेकले पाहिजे. मध्ये बोटभर पोकळी राहिली तरी पाणी चढत नाही, आणि ही रचना फसते ती सहसा याच कारणाने. दोरीच्या वाती लावायचा सल्लाही मिळेल. थंडीत ठीक आहे, मे महिन्यात एका दोरीने भेंडीची तहान भागत नाही. ‘काळी_माती’ यांचे भरण इथेही चालते, फक्त तूस त्याहून वाढवू नका. पोकळी वाढली की पाणी चढणे थांबते.

हिशोब: नेटखाली 12 इंची बॅगला दिवसाला अंदाजे अडीच लिटर. चार बॅग म्हणजे 10 लिटर, म्हणजे नुसत्या टबावर चार-पाच दिवस. ड्रम अडीच फूट उंचीवर ठेवून अर्ध्या इंची नळीने फ्लोटला जोडला की कागदावर तीन आठवड्यांच्या वर निघतात. तुम्ही पंधरा धरा. ड्रमला पांढरी गोणी गुंडाळा, नळी उन्हात लोळू देऊ नका. पहिले पंधरा दिवस पाणी वरूनच घालावे लागते, मुळे पायापर्यंत उतरायला तेवढा वेळ जातो. म्हणजे मे अखेरीस जायचे तर ही रचना मेच्या पहिल्या आठवड्यात उभी हवी. बॅगवर दोन इंच पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) चुरा किंवा गव्हाचा भुसा पसरा.

डासांचे विसरू नका. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नेमके तेवढेच दिवस तुम्ही नाही. जाळी आणि टबाच्या मधली फट, फ्लोटची बाजू, ड्रमचे तोंड, सगळीकडे मच्छरदाणीचे कापड बारीक तारेने बांधा.

---

गच्ची_मानेवाडा

धन्यवाद, फारच सविस्तर. एका टबात चारच बॅग बसतात. असे चार टब केले तर 16 होतील. गच्चीला झेपेल का?

---

टाकी_आणि_तोटी

एक टब भरलेला म्हणजे पाणी 50 किलो, चार ओल्या बॅग 90 च्या आसपास, वर पत्रा. दीडशे किलो धरा, तेही चार चौरस फुटांवर. वापरातल्या घरगुती गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात आणि हा त्याच्या अडीचपट होतो. एखादा टब चालतो, कारण बाजूची जागा रिकामी असते. चार टब स्लॅबच्या मधोमध एकत्र मुळीच नको. खालच्या भिंती आणि बीम कुठून जातात ते पाहून त्यांच्यावर, एकमेकांपासून लांब ठेवा. ड्रम वेगळा, त्याचेच 200 किलो, तो भिंतीच्या कोपऱ्यावर. घर जुने असेल, छताला खालून भेगा किंवा ओल दिसत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

---

कुंडीवाला

शिवाय 16 च्या 16 बॅगना याची गरजही नाही. भेंडी आणि बरबटी टबावर घ्या, त्या जास्त पितात. मिरच्या भिंतीच्या पूर्व बाजूला, सावलीत, एकमेकींना चिकटून ठेवा. जायच्या दिवशी पहाटे प्रत्येक बॅग बुडवून भिजवा आणि लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती उलटी खोचा. आठ दिवस पुरणार नाही, तीन-चार दिवस ओढून नेईल. बाकी मिरची सोसते, पाने गळाली तरी परत फुटते. उरलेल्या बॅगचा एकच पुंजका करा आणि त्याच्यावर नेट दुहेरी घाला. आठ दिवस उजेड कमी मिळाला तरी चालतो.

---

काळी_माती

टबाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. खालून पाणी चढते तेव्हा क्षारही वर चढतात आणि मातीच्या पृष्ठावर जमतात. महिन्यातून एकदा, नळाचे पाणी मिळेल त्या दिवशी, ड्रेन उघडा ठेवून प्रत्येक बॅगवर 10 लिटर सावकाश ओता आणि खाली निघेल ते फेकून द्या. ते पाणी पुन्हा वर चढू देऊ नका.

आणि जूनच्या मध्यात पाऊस बसला की त्याच दिवशी ड्रमची तोटी बंद आणि टबाचा ड्रेन उघडा. बंद राहिला तर टब तोंडापर्यंत भरतो, बॅगचे बूड पाण्यात बसते आणि आठवडाभरात भेंडी पिवळी पडते. मग वाटते खत कमी पडले, आणि वरून खत घातले जाते. ड्रेनची डट्टी दोरीने टबालाच बांधून ठेवा, ऑक्टोबरात पुन्हा लागेल तेव्हा सापडत नाही.

---

गच्ची_मानेवाडा

समजले. टब दोनच करतो, पूर्व आणि उत्तर भिंतीवर, ड्रमवरून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दोन्हीकडे नळी. 20 लिटर रोज, म्हणजे ड्रम धरून पंधरा दिवस नाही, दहा-बारा?

---

टाकी_आणि_तोटी

दहा धरा. दोन्ही टब एकाच पातळीवर नसतील तरी चालते, फ्लोट आपापले बघतो. टीच्या आधी ठिबकचा 120 मेशचा जाळी फिल्टर टाका. ड्रममधला एक कण फ्लोटच्या तोंडाशी अडकला की तो बंदच होत नाही, आणि सगळा ड्रम एका रात्रीत गच्चीवर वाहून जातो.