मदत हवी आहे: सिलिकॉन कार्बाइड अ‍ॅल्युमिनियममध्ये जातच नाहीये (अर्जंट)

चिडलेला_बीई:
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, स्टर कास्टिंग, म्हणजे वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची कडक पावडर घोटून मिसळायची आणि ओतायचं. तीनदा भट्टी लावली, तिन्ही वेळा पावडर वरच. कितीही घोटा, दुधावर साय धरावी तसा राखाडी थर धरतो. झाऱ्याने काढली तर कोरडीठाक! शनिवारी रिव्ह्यू आहे. सर म्हणतात अजून घोटा. काय चुकतंय? प्लीज लेक्चर नको.

भट्टीवाला_शिरोली:
अलॉय कुठला? तापमान? पावडर किती मेश (आकडा जितका मोठा तितकी बारीक)? तापवून टाकली की पिशवीतून थेट?

चिडलेला_बीई:
साधं अ‍ॅल्युमिनियम. पावडर सिलिकॉन कार्बाइड, सांगितलंय की वर.

भट्टीवाला_शिरोली:
साधं म्हणजे?

चिडलेला_बीई:
वायरचं. भंगारात स्वस्त पडलं. पावडर ६०० मेश, पॉलिशिंगवाल्याकडची, पिशवीतून थेट. ७२० डिग्री.

भट्टीवाला_शिरोली:
हे आधी नाही का सांगायचं राव! वायरचं म्हणजे जवळजवळ शुद्ध, धातूला पावडर धरायला मदत करणारं मॅग्नेशियम त्यात नावाला नाही. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम या पावडरीला ओलंच करत नाही, अळूच्या पानावरचं पाणी जसं. वर ६०० मेश म्हणजे मैदा, गुठळ्याच होणार. २२० मेश घे, साधारण ६० मायक्रॉनची.

अनुभवी_२००९:
एवढं काही लागत नाही. ९०० डिग्रीला ने, आपोआप जाते. आम्ही तेच केलं, मार्कही मिळाले.

पीएचडी_अर्धवट:
हे अजिबात करू नकोस. सिलिकॉन नसलेल्या धातूत तापमान वाढवलं की अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं, आणि पाणी लागलं की मिथेन सोडत फुटतं. नमुना पावसाळाभर कपाटात ठेवा, कणांच्या कडेने पांढरी भुकटी दिसेल. एलएम २५ हा ओतकामाचा अ‍ॅल्युमिनियम अलॉय घे, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, ते ही भानगड बरीच रोखतं.

अनुभवी_२००९:
मायक्रोस्कोपखाली बघतंय कोण?

पीएचडी_अर्धवट:
मी बघतो. परीक्षक म्हणून जातो तेव्हा पहिलं तेच बघतो.

राख_प्रेमी:
सिलिकॉन कार्बाइड हवंच कशाला? औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख घाल. हलकी, फुकट. धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगींनी अमेरिकेत मिलवॉकीला राखेवर वर्षानुवर्षं काम केलंय.

चिडलेला_बीई:
सिनॉप्सिसमध्ये सिलिकॉन कार्बाइड लिहिलंय. आता बदलता येत नाही.

गाडीवेडा:
१९९६ च्या लोटस एलिसला याच मटेरियलच्या ब्रेक डिस्क होत्या, माहितीये का? आणि टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल पिस्टनमध्ये सिरॅमिक तंतू घातले.

चिडलेला_बीई:
मला ब्रेक नाही, टेन्साइल टेस्टचे (ताणून तोडायचे) तीन तुकडे हवेत.

भट्टीवाला_शिरोली:
मग ऐक. एलएम २५च घे. नुसती पावडर मफल फर्नेसमध्ये (लॅबची बंद विजेची भट्टी) ९०० ला दोन तास ठेव. ओल जाते, कणांवर ऑक्साइडचा पातळ थर येतो. मॅग्नेशियम १ टक्का, फॉइलमध्ये गुंडाळून धातूच्या तळाशी दाब, वर टाकलंस तर भडकेल. मग धातू ६०० च्या आसपास आण, खिरीसारखा झाला की पावडर चमच्या-चमच्याने सोड. घट्ट धातूत कण अडकतात, वर येत नाहीत. परत ७२० ला नेऊन घोट आणि लगेच ओत. जास्त वेगाने घोटलंस तर हवा आत ओढली जाते.

काळजीवाहू:
चिमटा, चमचा, साचा, सगळं तापवून घ्या. एक थेंब पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं तर धातू छतापर्यंत उडतो. धातूत विरघळलेला वायू काढायच्या डीगॅसिंगच्या गोळ्या टाकणार असाल तर दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा, धूर विषारी असतो.

अनुभवी_२००९:
आमच्या वेळी मास्कबिस्क नव्हतं.

काळजीवाहू:
म्हणूनच तुम्ही अजून ९०० डिग्री सांगताय.

चिडलेला_बीई:
अपडेट: एलएम २५ आणला, भट्टीवाले दादा म्हणाले तसं केलं. वरची मळी अगदी थोडी निघाली! पण आता दांडा कापला जात नाहीये. हॅकसॉचं नवं कोरं ब्लेड अर्ध्या इंचात गुळगुळीत झालं.

भट्टीवाला_शिरोली:
मग गेली की आत.

पीएचडी_अर्धवट:
एवढ्यावर खूश होऊ नकोस. वितळलेल्या धातूपेक्षा हे कण जड, साचा सावकाश थंड झाला तर तळाशी बसतात. वरचा आणि खालचा, दोन्ही तुकडे पॉलिश करून बघ. लेथवर टर्निंगला डायमंड टिपचं टूल लागेल, नेहमीचं कार्बाइड टूल लगेच झिजेल.

चिडलेला_बीई:
डायमंड टूल कोण देणार दोन दिवसांत??

राख_प्रेमी:
राख घेतली असतीस तर ब्लेड वाचलं असतं.