दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण कशावरून ठरवतो? निरीक्षणाच्या नोंदींसाठी मदत हवी

नोंदवही

नमस्कार मंडळी. पर्यवेक्षकांनी कामाचं निरीक्षण कसं करावं आणि नोंद कशी लिहावी, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण आखते आहे. नमुन्यादाखल जमवलेल्या नोंदींमध्ये पाहिलेली गोष्ट अर्ध्या ओळीत उरकलेली असते आणि माणूस कसा आहे ते चार ओळींत. 'बेफिकीर', 'उद्धट', 'आत्मविश्वास नाही'. एकाच माणसाला त्याच २० मिनिटांत दोघांनी पाहिलं, तर एक लिहितो 'टाळाटाळ करतो' आणि दुसरा लिहितो 'काम नीट सांगितलेलंच नव्हतं'.

तर विचारायचं आहे ते असं. पाहणाऱ्याचं मत कशामुळे स्वभावाकडे झुकतं आणि कशामुळे परिस्थितीकडे? 'पूर्वग्रह ठेवू नका' ही सूचना सगळ्यांना पाठ आहे, तिने काही फरक पडत नाही. मग पद्धतीत किंवा पत्रकात नेमकं काय बदलायचं? आणि स्वभाव हे कारण दिलं की ती चूकच, असं शिकवणं बरोबर होईल का?

पडताळा

सुरुवात मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांच्या १९६७ च्या मांडणीपासून करा, कारण ती जशीच्या तशी पत्रकात उतरते.

समजा, नोंद अशी आहे: 'मशीन बंद पडल्यावर तो सहकाऱ्यावर ओरडला.' कारण ठरवायला तीन गोष्टी लागतात. त्या सहकाऱ्यावर इतरही ओरडतात का? हा माणूस इतरांवरही ओरडतो का? आणि या दोघांत हे नेहमीचं आहे, की आज पहिल्यांदाच घडलं? इतर कोणी ओरडत नाही, हा मात्र सगळ्यांवर ओरडतो आणि नेहमीच ओरडतो, तर बोट त्याच्याकडे जातं. सगळेच त्या सहकाऱ्यावर ओरडतात, हा बाकी कोणावर आवाज चढवत नाही आणि हे रोजचं आहे, तर गुंता त्या सहकाऱ्यात किंवा त्याच्या वाट्याला आलेल्या कामात आहे. आज पहिल्यांदाच घडलं असेल तर आजचा दिवस तपासा: मशीन किती वेळ बंद होतं, पुढे कोण खोळंबलं होतं, आधीच्या पाळीने काय शिल्लक ठेवलं होतं.

अडचण अशी की २० मिनिटांच्या एका निरीक्षणात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. पाहणारा थांबत मात्र नाही. रिकाम्या जागा तो आपल्या आधीच्या समजुतींनी भरतो, आणि आपण भरल्या हे त्याला जाणवतही नाही. तुमच्या दोन पर्यवेक्षकांच्या नोंदी वेगळ्या आल्या त्या बहुतेक इथेच. दोघांनी पाहिलं एकच, भरलं वेगळं. शितावरून भाताची परीक्षा चालते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचं आजचं आणि उद्याचं वागणं एकाच आचेवर नसतं.

या तीन प्रश्नांचे पत्रकात तीन रकाने करा. त्यांपैकी 'इतर लोक याच जागी काय करतात' या माहितीला लोक बहुधा फार कमी वजन देतात, ती हाताशी असली तरीही. म्हणून पत्रकात तो रकाना सगळ्यात वर ठेवा.

माझा आग्रह असा की त्याच कामावरची निदान दोन इतर माणसं, त्या माणसाची दोन वेगळी कामं आणि तीन वेगळ्या वेळा पाहून झाल्याशिवाय विशेषण लिहूच देऊ नये. हे आकडे व्यवहारापुरते आहेत. जास्त जमलं तर उत्तम.

दुसरी_पायरी

पडताळा यांनी लिहिलं ते माहिती मिळवण्याबद्दल. पण माहिती समोर असूनही वापरली जात नाही, हा भाग प्रशिक्षणात जास्त वेळ मागतो.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा प्रयोगही १९६७ चाच. लोकांना क्यूबाचा नेता फिडेल कास्ट्रोच्या बाजूचा किंवा विरोधातला निबंध वाचायला दिला. काहींना सांगितलं की लेखकाने बाजू स्वतः निवडली, काहींना सांगितलं की बाजू नेमून दिली होती. मग लेखकाचं खरं मत १० ते ७० च्या मापावर ओळखायचं; आकडा जितका मोठा, तितकं मत कास्ट्रोच्या बाजूचं. बाजू नेमून दिल्याचं माहीत असूनही बाजूने लिहिणाऱ्याला सरासरी ४४.१ मिळाले आणि विरोधात लिहिणाऱ्याला २२.९. खरं तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवे होते. निवड मोकळी होती तेव्हा ते ५९.६ आणि १७.४ होते. म्हणजे वाचणाऱ्यांनी सक्ती हिशेबात धरली, पण पुरेशी धरली नाही. याच प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत अ‍ॅट्रिब्यूशन चूक' असं नाव दिलं, म्हणजे वागण्याचं कारण लावताना होणारी चूक.

पुरेशी का धरली जात नाही, याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या प्रयोगात आहे. आवाज बंद केलेल्या चित्रफितीत एक बाई अनोळखी माणसाशी बोलते आहे. सात तुकडे, त्यातल्या पाचांमध्ये ती अस्वस्थ: नखं कुरतडते, केसांशी चाळा करते. खाली संभाषणाचा विषय लिहून येतो. काही प्रेक्षकांना विषय साधे दिसतात, प्रवासासारखे. काहींना अवघडून टाकणारे, अगदी खाजगी. विषय अवघड असेल तर कोणीही चुळबुळ करेल, म्हणून बाई स्वभावतः घाबरट नसावी, असा हिशेब प्रेक्षक करतात. पण अर्ध्या लोकांना पाहता पाहता ते विषयच पाठ करायला सांगितले होते. त्यांचा हिशेब कोलमडला. विषय डोक्यात घोळत होते, तरी बाईबद्दलचं मत बनवताना ते कामी आले नाहीत. पाठ करणाऱ्यांना विषय साधे दिसले असोत की अवघड, ती सारखीच घाबरट वाटली.

यावरून पायऱ्या अशा लागतात: आधी वागणं ओळखणं, मग त्यावरून स्वभाव ठरवणं, आणि शेवटी परिस्थिती पाहून दुरुस्ती. पहिल्या दोन जवळजवळ आपोआप होतात. तिसरीला मोकळं लक्ष लागतं. आता तुमच्या पत्रकाकडे बघा. पाहायचं, लिहायचं, गुण द्यायचे आणि घड्याळ सांभाळायचं, सगळं त्याच २० मिनिटांत. म्हणजे तिसरी पायरी पत्रकानेच काढून घेतली आहे.

त्यामुळे मी काम असं तोडलं असतं. पहिली १२ मिनिटं फक्त क्रियापदं: काय केलं, काय बोललं, कोणत्या क्षणी. पुढची ५ मिनिटं फक्त आजूबाजूचं: आवाज, घाई, कोण पाहत होतं, कोणती साधनं नव्हती. गुण त्या दिवशी द्यायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नोंद समोर ठेवून द्यायचे. एका रात्रीने आठवण थोडी पुसट होते हे खरं, पण लिहिलेलं पुसट होत नाही.

आणखी दोन गोष्टी. फिलिप टेटलॉक यांच्या १९८५ च्या, अशाच नेमून दिलेल्या निबंधांच्या प्रयोगात, आपल्या मताचं समर्थन करावं लागेल हे निबंध वाचण्याआधी सांगितलं तेव्हा सक्ती नीट हिशेबात धरली गेली. वाचून झाल्यावर सांगितलं तेव्हा नाही. 'ही नोंद संबंधित माणसासमोर वाचून दाखवायची आहे' हे वाक्य म्हणूनच पत्रकाच्या डोक्यावर हवं, सहीच्या जागी नको. दुसरं, प्रश्न फिरवून पाहा. डग्लस क्रल यांनी १९९३ मध्ये दाखवलं की पाहणाऱ्याला परिस्थिती ओळखायचं काम दिलं, तर आपोआप होणारा निष्कर्ष परिस्थितीचा असतो आणि दुरुस्ती स्वभावाची करावी लागते. 'हा माणूस कसा आहे?' याच्या आधी 'ही जागा काम करायला कशी आहे?' हा प्रश्न छापा.

खुर्ची_कुठे

पाहणाऱ्याने कुठे बसायचं हा विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहितो.

शेली टेलर आणि सुझन फिस्क, १९७५. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, भोवती सहा जण पाहतात. काहींना एकाचा चेहरा दिसतो, काहींना दुसऱ्याचा, काही बाजूला बसलेले, त्यांना दोघेही सारखे दिसतात. संभाषण तेच. पण ज्याचा चेहरा समोर, त्यानेच बोलण्याला दिशा दिली असं वाटतं. बाजूला बसलेल्यांचं मत मधोमध पडतं. पोलीस चौकशीच्या चित्रीकरणावर डॅनियल लॅसिटर यांनी केलेल्या कामातही हेच निघालं: कॅमेरा फक्त संशयितावर रोखलेला असेल तर कबुली जास्त स्वेच्छेची वाटते, अधिकारी आणि संशयित दोघेही चौकटीत असतील तर कमी.

म्हणून पर्यवेक्षकाची खुर्ची काम करणाऱ्याच्या समोर नको, बाजूला हवी, अशी की त्याच्यासमोर काय येतं ते, सूचना देणारा आणि येणारं काम, सगळं एका नजरेत यावं. चित्रीकरण करत असाल तर चौकटीत दोन्ही बाजू घ्या आणि घटनेच्या आधीची २-३ मिनिटं कापू नका. उत्तर तेवढं दिसलं आणि प्रश्न दिसला नाही, तर उत्तर देणाराच आक्रमक वाटतो.

भूमिकेचंही तसंच. रॉस, अमाबिले आणि स्टाइनमेट्झ यांच्या १९७७ च्या प्रश्नमंजूषेत कोण प्रश्न विचारणार आणि कोण उत्तरं देणार हे नशिबावर ठरलं होतं, आणि प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच माहितीतले अवघड प्रश्न काढायचे होते. हे सगळ्यांसमोर झालेलं असूनही पाहणाऱ्यांना प्रश्न विचारणाराच जास्त जाणकार वाटला. बैठकीत अजेंडा ज्याच्या हातात, तो 'नेतृत्वगुण असलेला' दिसतो, ते याचमुळे. भूमिका हा वेगळा रकाना ठेवा.

नोंदवही

खूपच नेमकं मिळालं, आभार. तिसरा प्रश्न राहिला आहे. शिवाय वाचनात दोन गोष्टी आल्या: आपण स्वतःसाठी परिस्थिती आणि दुसऱ्यासाठी स्वभाव पुढे करतो, आणि स्वभावाकडे झुकणं हे फक्त पाश्चात्त्य देशांत आहे. दोन्ही शिकवू का?

उलट_बाजू

दोन्ही ज्या रूपात लिहिल्यात, त्या रूपात शिकवू नका.

पहिली जोन्स आणि निस्बेट यांची १९७१ ची कल्पना. बर्ट्राम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी फरक शून्याच्या आसपास निघाला. जे उरलं ते घटना चांगली की वाईट यावर अवलंबून. वाईट घडलं की स्वतःसाठी परिस्थिती आणि दुसऱ्यासाठी स्वभाव, चांगलं घडलं की नेमकं उलट. नाचता येईना अंगण वाकडे, आणि नाच जमला तर अंगणाचं नावही निघत नाही. प्रशिक्षणात म्हणून एक वाईट आणि एक चांगली अशा दोन्ही घटनांच्या नोंदी लिहायला द्या; एकच प्रकार दिला तर अर्धंच दिसेल. गटाच्या बाबतीतही हेच होतं: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये त्याची मांडणी केली. परक्या गटातल्या माणसाचं चांगलं काम 'नशीब', 'अपवाद' किंवा 'फार कष्ट केले म्हणून' असं बाजूला सारलं जातं. नोंदींत हे शब्द शोधा, लगेच सापडतील.

दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे, पण 'फक्त' हा शब्द चुकीचा. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांची तुलना केली. मोठी माणसं वेगळी निघाली: अमेरिकनांनी स्वभावाची कारणं जास्त दिली, म्हैसूरच्या हिंदू प्रौढांनी संदर्भाची जास्त. आठ वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे कारण देण्याची ही सवय आपण वाढता वाढता भोवतालच्या लोकांकडून उचलतो. पण नेमून दिलेल्या निबंधावरून मत ओळखण्याची चूक पूर्व आशियातल्या लोकांकडूनही झाली आहे. चोई आणि निस्बेट यांच्या १९९८ च्या कामात सक्ती ठळक केल्यावर कोरियन लोकांनी ती अमेरिकनांपेक्षा जास्त हिशेबात धरली, एवढा फरक. 'आपल्याकडे ही चूक होत नाही' असं समजून पर्यवेक्षक निर्धास्त झाले तर नुकसान त्यांच्या हाताखालच्या लोकांचं आहे.

आता तिसरा प्रश्न. स्वभावाचं कारण पुष्कळदा बरोबर असतं. जोन्स आणि डेव्हिस यांनी १९६५ मध्ये सांगितलं त्याप्रमाणे, माणसाला मोकळी निवड होती, त्याने केलं ते त्या जागी अपेक्षित नव्हतं, आणि निवडलेल्या गोष्टीतून असं काही मिळत होतं जे दुसऱ्या पर्यायातून मिळालं नसतं, तर वागण्यावरून माणूस बराच कळतो. नियमाने हसतमुख राहावं लागतं अशा जागी कोणी हसलं, तर त्यातून काही कळत नाही. कोणी पाहत नसताना दुसऱ्याची चूक निस्तरली, त्यातून कळतं.

शेवटी, दंड किंवा सवलत जिथे ठरते तो रकाना जपून करा. बर्नार्ड वाइनर यांच्या कामाप्रमाणे पाहणारा 'हे त्याच्या हातात होतं का' हे ठरवतो. होतं असं वाटलं की राग येतो, नव्हतं असं वाटलं की कणव येते आणि मदतीचा हात पुढे होतो. त्यात पाहणाऱ्यालाच त्या वागण्याचा त्रास झाला असेल तर 'हातात होतं' याकडे ओढा वाढतो. ज्याचं काम अडलं, त्याच्याकडून नोंद घेऊ नका.

पडताळा

नमुना हवा असेल तर हा घ्या. मूळ नोंद: 'सूचना ऐकत नाही, हेकट आहे.'

सुधारलेली: '१०:१२ ला नवी क्रमवारी तोंडी सांगितली. मान हलवली, जुन्याच क्रमाने काम चालू ठेवलं. १०:१९ ला पुन्हा सांगितलं, तेव्हा बदललं. शेजारच्या दोघांपैकी एकाने पहिल्या वेळी बदललं, एकाने नाही. पहिल्या सूचनेच्या वेळी मागचा पंखा चालू होता, पाठ सूचना देणाऱ्याकडे होती. दुसऱ्या कामावर पाहिलेलं नाही. दुसऱ्या वेळी पाहिलेलं नाही. निवड: नव्हती.'

शेवटचे तीन रकाने रिकामे सोडू देऊ नका. 'पाहिलेलं नाही' हे पूर्ण अक्षरांत लिहायला लावा. रिकामा रकाना नंतर वाचणारा आपल्या मनाने भरतो.