नऊ बाय दहाच्या खोलीला बेडरूम म्हणून पैसे मोजावेत का?

जाईजुई
गेल्या रविवारी पुनावळ्यात एक टू बीएचके बघून आलो. चटई क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा, ६१० चौरस फूट. मोठी बेडरूम १० बाय ११, दुसरी ९ बाय १०. सॅम्पल फ्लॅटमध्ये ती दुसरी खोली इतकी ऐसपैस वाटत होती की मला शंकाच आली. पर्समध्ये शिवणाची टेप असते, ती काढली. पलंगाची लांबी भरली ५ फूट ९ इंच! क्वीन साइजची नुसती गादी साडेसहा फूट असते. भिंतीतलं कपाट १६ इंच खोल. त्यात हँगर सरळ राहत नाही, त्याला २ फूट लागतात. आणि खोलीला दारच नव्हतं, नुसती चौकट.

घरी येऊन कागदावर खऱ्या मापाचं सामान मांडलं. ९ फुटांच्या बाजूला पलंग आणि त्याची पाठ मिळून पावणेसात फूट गेले, पायथ्याशी सव्वादोन उरले. १० फुटांच्या बाजूला पलंगाचे ५ आणि कपाटाचे २ गेल्यावर ३ फूट राहिले. तेवढ्यात कपाटाची दारंही उघडायची आणि दोघांना दोन बाजूंनी उतरायलाही हवं. अभ्यासाचं टेबल विसराच.

माझं ठाम मत झालंय: दोन माणसं झोपणार असतील तर खोली १० बाय ११ च्या खाली घेऊ नये. त्यापेक्षा वन बीएचके घ्यावा, पण नीट मोठा. तुम्हाला काय वाटतं?

चाळकरीण
मला हे अजिबात पटलं नाही. मी लालबागच्या चाळीत वाढले. १८० चौरस फुटांत आम्ही सात जण. कपडे बदलायचे ते मोरीत, फरशी कायम ओली, त्यामुळे सलवारीचे पाय रोज भिजायचे आणि तशीच कॉलेजला जायचे. आतून कडी लावता येईल अशी जागा मला पहिल्यांदा लग्नानंतर मिळाली. बीडीडी चाळीतली माणसं पुनर्विकासात १६० चौरस फुटांतून ५०० च्या घरात जातात, तेव्हा त्यांना विचारा बेडरूम किती बाय कितीची आहे याचं दुःख होतं का.

माझी मुलगी आता दहावीला आहे. तिला ८ बाय ९ ची का होईना, स्वतःची खोली हवी. एक पलंग, एक टेबल, एक दार. तुमच्या हिशोबाने आम्ही वन बीएचके घेतला तर ती पुन्हा हॉलमध्येच झोपणार, आणि टीव्ही बंद होईपर्यंत जागी राहणार.

ओळंबा
बांधकामातच आहे, म्हणून थोडं नियमांचं. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे घरात एकच राहती खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांपेक्षा लहान नको आणि रुंदी २.४ मीटर हवी. दोन खोल्या असतील तर एक तेवढी आणि दुसरी ७.५ चौरस मीटर चालते, रुंदी २.१ मीटर. म्हणजे ८१ चौरस फूट, रुंदी जेमतेम ६ फूट ११ इंच. त्यामुळे ९ बाय १० त्यात व्यवस्थित बसते. पण हा किमान आकडा आहे. याच्या खाली बांधू नका, एवढंच तो सांगतो. त्यात सुखाने राहता येईल असं तो म्हणत नाही.

क्षेत्रफळापेक्षा रुंदीकडे बघा. ८ बाय १३ ची खोली १०४ चौरस फूट भरते, १० बाय १० पेक्षा जास्तच, पण आडवा पलंग टाकला की पलीकडे जाता येत नाही. नकाशातलं माप प्लॅस्टर धरून आहे की विटेपासून विटेपर्यंत, तेही विचारा. दोन्ही भिंतींचं मिळून इंचभर जातं. कोपऱ्यात कॉलम पुढे आलाय का बघा. आणि घर घेणाऱ्यांसाठी केलेल्या रेरा कायद्याच्या व्याख्येत चटई क्षेत्रात आतल्या भिंतीही मोजतात, त्यामुळे खोल्यांची बेरीज केलीत तर ६१० येणार नाही.

हप्तेकरी
जाईजुईताई, ९ बाय १० ऐवजी १० बाय ११ घ्या, म्हणजे २० चौरस फूट वाढवा म्हणणं सोपं आहे. चटई क्षेत्राचा दर फुटाला १०,००० धरला तर एका खोलीचे २ लाख वाढले, त्यावर वीस वर्षं व्याज. आम्ही नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडतो, रात्री नऊला येतो. बेडरूममध्ये फक्त झोपतो. पलंग भिंतीला लावलाय, आतल्या बाजूला मी झोपतो, रात्री उठायचं तर बायकोला ओलांडून. चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. ती जागा हॉलला मिळाली, तिथे पाहुणे येतात, मुलं खेळतात.

सांजवात
बिघडत नाही, जोवर सगळे धडधाकट आहेत तोवर. आमची खोली ९ बाय साडेनऊ. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला. कूस बदलायला दोन माणसं लागायची, एक अलीकडून, एक पलीकडून. पण पलीकडे भिंत. आई पासष्टीची, पलंगावर गुडघे टेकून चढायची आणि तिथून त्यांना ओढायची. शेवटी कपाट हॉलमध्ये काढलं. तरीही कमोड खुर्ची आत घेतली की दार लागत नसे. माझे बाबा आयुष्यभर शर्टाचं वरचं बटण लावून वावरलेले. हॉलमध्ये कुणी आलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

लीड्सकर
इंग्लंडमध्ये २०१५ पासून नव्या घरांसाठी जे माप आहे, त्यात एका माणसाची बेडरूम ७.५ चौरस मीटर आणि दोघांची ११.५ असा फरक केलाय. दोघांच्या मुख्य खोलीची रुंदी किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट. सगळ्या कौन्सिलांनी ते स्वीकारलेलं नाही, पण विचार मला योग्य वाटतो. खोलीत किती जण झोपणार हे ओळंबा यांनी सांगितलेल्या आपल्या नियमात विचारलेलं दिसत नाही.

जाईजुई
चाळकरीण ताई, मोरीतल्या ओल्या फरशीचं वाचून मी पहिल्या पोस्टमधलं वन बीएचकेचं वाक्य मागे घेते. एकट्या मुलीला ८ बाय ९ पुरेल. माझा आक्षेप दोघांच्या पलंगाचं चित्र छापून तीच खोली विकण्याला आहे. हप्तेकरी दादा, तुमचे २ लाख खरे आहेत. पण हॉलमधला सोफा उद्या बदलता येतो, भिंत नाही हलवता येत.

चाळकरीण
मुलीच्या खोलीबद्दल माझं मत कायम आहे. पण सांजवात यांचं दार न लागणं वाचून दुपारभर तेच डोक्यात आहे. आम्ही बघतोय त्या घरात साडेआठ बाय दहाची खोली सासूबाईंची ठरलीय आणि त्यांना वॉकर लागतो. शनिवारी पुन्हा जाऊन मोजते.

ओळंबा
खडू घेऊन जा. पलंग, कपाट, वॉकर, सगळं खऱ्या मापाने फरशीवर आखा. आणि दार जिथवर उघडतं तो पाव गोलसुद्धा आखा, तो सगळे विसरतात. मग सासूबाईंना दारातून आत यायला सांगा आणि त्या कुठे थांबतात ते बघा.