किल्ली कुठून आली? : अंधारकोठडीतून पात्र पळवतानाचे अनुभव

सातव्या प्रकरणात मी नायकाला पळवलं. तेराव्या शतकातलं वेल्स, डोंगरावरचा किल्ला, तळाशी अंधारकोठडी. पहारेकरी घोरतोय, नायक गजांतून हात घालून त्याच्या कमरेची किल्ली काढतो. दीड पानात मोकळा! खुशीत भाचीला वाचून दाखवलं. नववीत आहे ती. म्हणाली, "मावशी, पण किल्ली कमरेला लावून तो कैद्याच्या हाताशीच का झोपला?"

तेव्हापासून प्रकरण बासनात आहे. तुमच्यापैकी ज्यांनी कथेत कुणाला असं पळवलंय, किंवा पळवता पळवता हात टेकलेत, त्यांनी सांगा. फसलेले प्रयत्न आधी. (आलेली उत्तरं पुढे देते आहे.)

नाशिकहून, ऐतिहासिक कथा लिहिणारी

भाचीला माझा नमस्कार सांगा. मी स्कॉटलंडच्या मेरी राणीवर लिहीत होते. तिला लॉखलेव्हनच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, चहूबाजूंनी तळ्याचं पाणी. २५ मार्च १५६८ला ती धोबिणीच्या वेषात होडीत बसली. नावाड्याला संशय आला तो तिचे गोरे, मऊ हात बघून. हे वाचलं आणि माझी आई आठवली. चार घरची धुणी धुवायची ती. थंडीत बोटांच्या भेगांत सोडा जाऊन झोंबायचा, रात्री खोबरेल लावून बसायची. मी राणीच्या वेषावर पानभर लिहिलं होतं, हातांवर एक शब्द नव्हता.

मेरी सुटली २ मे रोजी. किल्ल्या किल्लेदाराच्या ताटाजवळ असायच्या. विली डग्लस नावाच्या पोराने जेवण वाढताना त्यांच्यावर रुमाल टाकला आणि रुमालासकट उचलल्या. बाकीच्या होड्या आधीच निकामी केलेल्या. बाहेर पडल्यावर दाराला कुलूप, किल्ल्या तळ्यात. तेव्हा पहारेकरी झोपवू नका, त्याला जेवायला बसवा.

पुण्याहून, निवृत्त स्थापत्य अभियंता

माझा नायक चमच्याने भिंत पोखरून सुटला होता. पुढे आमचा जुना वाडा पाडायला काढला, तेव्हा म्हटलं बघू तरी. एका रविवारी चुन्यातल्या दगडाच्या सांध्यावर छिन्नी घेऊन बसलो. चमचा नव्हे, छिन्नी! तासाभरात बशीभर भुगा निघाला आणि शेजारच्यांनी दोनदा येऊन विचारलं, काय ठोकताय? लंडन टॉवर या जुन्या किल्ल्यात कैदी ठेवत, त्याच्या मधल्या मनोऱ्याची भिंत पायथ्याशी साधारण साडेचार मीटर जाड आहे. हिशेब तुम्हीच करा. आणि तो भुगा टाकणार कुठे? पंधरा वर्षांत एका वाचकाने मला हे विचारलं नाही, याचंही नवल वाटतं.

व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या, राजवाड्यात कैदेत असलेल्या कासानोव्हाने भिंतीचा नाद सोडून पलंगाखालची लाकडी जमीन पोखरली. अडगळीत सापडलेला लोखंडी दांडा त्याने संगमरवराच्या तुकड्यावर घासून टोकदार केला होता. भोक तयार झालं आणि ऑगस्ट १७५६मध्ये त्याला दुसऱ्या, चांगल्या कोठडीत हलवलं. कृपा म्हणून! मग तो दांडा बायबलमध्ये दडवला, वर लोणी घातलेल्या मॅकरोनीची परात ठेवली आणि शेजारच्या कैद्याकडे पाठवला. ३१ ऑक्टोबरच्या रात्री दोघे छतावरून निघाले. हे सगळं त्याच्याच तोंडचं, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा. पण ती कोठडीबदली मला कोणत्याही सुटकेपेक्षा खरी वाटते.

डोंबिवलीहून, पंचवीस वर्षं सह्याद्रीत दोर घेऊन फिरणारा

चादरींच्या दोरावर माझा आक्षेप होता, म्हणून सोसायटीच्या गच्चीवर करून बघितलं. कमरेला हार्नेस, वेगळा खरा दोर आणि तो धरायला मित्र, तेव्हा घरी कुणी करू नका. सहा चादरी. लांबी तेरा मीटर यायला हवी होती, पण गाठींमध्ये आणि वर टाकीच्या पाइपाला गुंडाळण्यात इतकं कापड गेलं की भरली साडेनऊ. दोन माणसांच्या उंचीइतका उतरलो नाही तोच दुसरी गाठ सरकली. खऱ्या दोराने धरलं म्हणून हे लिहितोय. तळहात दोन दिवस पोळल्यासारखे होते, भाकरी मोडवेना.

बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड २ फेब्रुवारी ११०१ला लंडन टॉवरमधून निसटला. दोर आला दारूच्या भांड्यातून, तीच दारू पहारेकऱ्यांना पाजली. पण गडी हातमोजे विसरला, तळव्यांची सालपटं निघाली. दोरही जमिनीपर्यंत पोचला नाही, शेवटी आदळलाच. त्याच टॉवरमधून १ मार्च १२४४ला वेल्सचा राजपुत्र ग्रिफिद चादरींना वगैरे गाठी मारून उतरायला लागला. अंगाने भारी माणूस, दोर तुटला आणि जागीच गेला. ताई, तुमची गोष्ट वेल्सची आणि त्याच शतकातली, तेव्हा तुमच्या पात्रांना ही बातमी ठाऊक असणार. नायक खिडकीकडे बघतो आणि मागे फिरतो, एवढं लिहिलं तरी मला पुरे.

कोल्हापूरहून, फिजिओथेरपिस्ट

प्लास्टर काढल्यावर पेशंट पहिल्यांदा उभे राहतात तेव्हा मी शेजारीच असते. सहा आठवड्यांत मांडी वाळते, पाय लटपटतात. तुमचे नायक वर्षभर बेड्यांत बसून थेट घोड्यावर उडी मारतात! जॉन जेरार्ड या पाद्रीला १५९७मध्ये टॉवरमध्ये मनगटांनी टांगून छळलं. नंतर कित्येक दिवस त्याला हातात सुरी धरता येईना. तो संत्री मागवायचा. संत्र्याच्या रसाने कागदावर लिहायचं, कागद तापवला की अक्षरं उमटतात. त्याच हातांनी ऑक्टोबरमध्ये तो खंदकावर बांधलेल्या दोरावरून पलीकडे गेला. दोर उताराचा असेल असं वाटलं होतं, निघाला जवळजवळ आडवा. मध्येच अडकला. माझ्या कथेत मी फक्त ती मधली जागा लिहिली.

सोलापूरचा, हल्ली नेदरलँड्समध्ये

लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात ह्युगो ग्रोशियस हा डच कायदेपंडित १६१९पासून कैदेत होता. पुस्तकांची पेटी जायची-यायची. सुरुवातीला शिपाई उघडून बघायचे, पुढे कंटाळले. बायको मारियाच्या हे लक्षात आलं. तिने नवऱ्याला पेटीत निजून राहायचा सराव करायला लावला आणि २२ मार्च १६२१ला तो पेटीतून बाहेर गेला. ती आत थांबली. इथे ती पेटी आपलीच म्हणणारी संग्रहालयं एकाहून जास्त आहेत, तो वाद ऐकताना घरी असल्यासारखं वाटतं.

आपण लहानपणापासून आग्र्याचे पेटारे ऐकत आलो. महाराज नेमके कसे निसटले यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण गोष्ट म्हणून ती पटते ती पेटारे रोज जात होते म्हणून. मिठाईपेक्षा तो 'रोज' मोठा. माझ्या पहिल्या कथेत पेटी एकदाच येते आणि त्यातूनच नायक जातो. संपादकांनी परत पाठवली, बरोबरच केलं.

औरंगाबादहून, एकच ओळ

'डंजन' हा अंधारकोठडीचा इंग्रजी शब्द फ्रेंच 'डॉन्जॉन'वरून आला, म्हणजे किल्ल्याचा मुख्य मनोरा. मातब्बर कैदी बहुधा वरच ठेवत, तेव्हा नायकाला तळघरातून आधी वर आणा.

पुन्हा मी, सातव्या प्रकरणाची मालकीण

वर आणला. आता तो मनोऱ्यात आहे, सरपण घेऊन येणारा म्हातारा रोज मोळी सोडून दाखवतो आणि पहारेकरी ती रोज भोसकून बघतो. चार पानं झाली, अजून कुणी पळालेलं नाही. काल भाचीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "पहारेकरी कंटाळला का अजून?" म्हटलं, नाही. म्हणाली, "मग आणखी दोन मोळ्या येऊ देत."