मदत हवी आहे: गल्लीच्या तोंडाचा कचरा आणि रात्रीच्या चोऱ्या

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात, वडगाव भागात राहतो. गल्लीच्या तोंडाला एक मोकळी जागा आहे. घंटागाडी सकाळी येऊन जाते, तरी रात्री दुचाकीवरून येऊन लोक तिथेच पिशव्या भिरकावतात. (यात आपलेच शेजारी आहेत, खोटं कशाला बोलू.) शेजारचा पथदीप बंद पडल्यापासून तिथं दारूच्या बाटल्याही साठायला लागल्या. गेल्या महिन्यात दोन गाड्यांचं पेट्रोल काढलं, एका घरासमोरून सायकल गेली.

पंच कमिटीची बैठक झाली. निम्मे म्हणतात कॅमेरा बसवा, निम्मे म्हणतात तिथं तुळशीवृंदावन बांधा, कुणी कचरा टाकणार नाही. मला विचाराल तर आधी दिवा लागला पाहिजे.

आता विचारायचं असं: वॉर्डातल्या कचऱ्याची आणि दिव्याची तक्रार एकाच अर्जात द्यावी की वेगवेगळी? अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी आहे का? माझं कन्नड बाजारापुरतंच. राज्य सरकारच्या १९०२ या जनस्पंदन क्रमांकावर तक्रार करून कुणाचं काम झालंय का? भुरट्या चोरीसाठी ११२ ला फोन करायचा, की बीटच्या पोलिसांना गल्लीत बोलावून बैठक घेता येते? कॅमेऱ्याचा खर्च वर्गणीतून केलेल्या गल्ल्यांनी वीजबिल कुणाच्या मीटरवर घेतलं, तेवढं आवर्जून सांगा. आमच्याकडं गाडी तिथंच अडलीय.