चार गावांतील दिव्यांग व निराधारांच्या प्रवासाचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : खाडीकाठचा सदस्य

गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या दक्षिणेला असलेल्या एका ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. आमच्या आणि शेजारच्या तीन गावांतील दिव्यांग, डायलिसिसवर असलेले आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानावर जगणारे रहिवासी यांची नावे मी लिहू लागलो, तेव्हा वहीची दोन पाने भरली. एसटीची सवलत बहुतेकांना ठाऊक आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, ६५ टक्क्यांच्या वर असल्यास मदतनिसालाही निम्मे भाडे पडते, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफतच आहे. त्यामुळे चिपळूणचे तिकीट कोणाला जड जात नाही. जड जाते ते वाडीपासून थांब्यापर्यंतचे अंतर. पाखाडी, म्हणजे उतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, उतरून रस्ता गाठायचा, तेथून स्पेशल रिक्षा करायची, आणि सकाळची गाडी चुकली तर तीच रिक्षा पुढे न्यायची, असे दोनदा झाले की महिन्याच्या अनुदानातले फारसे काही उरत नाही.

गेल्या महिन्यात एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात, लागून असलेल्या तीन वाड्यांतून तीन रिक्षा गेल्या आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून चार गावांनी मिळून एखादे वाहन ठरवता येईल का? गावातील कोणाची खासगी मोटार भाडे वाटून वापरली तर चालेल का?

उत्तर : निवृत्त वाहतूक नियंत्रक

वाहनाच्या आधी वेळापत्रकाकडे पाहावे. आगाराकडे नवी फेरी मागितली की गाडी नाही, चालक नाही, भारमान (पुरेसे प्रवासी) नाही, अशी तीन उत्तरे ठरलेली असतात आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. परंतु असलेल्या फेरीची वेळ वीस-पंचवीस मिनिटे मागेपुढे करणे किंवा वस्तीच्या गाडीचा रात्रीचा मुक्काम एक गाव पुढे नेणे यासाठी जादा गाडी लागत नाही. चालक-वाहकांच्या झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची नीट सोय गावाने करून दिली तर हे काम पुष्कळ सोपे होते. चारही ग्रामसभांचे ठराव एकाच मजकुराचे करून आगार व्यवस्थापकांना द्यावेत आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी.

आणखी एक गोष्ट, जी लोक क्षुल्लक समजतात. सवलतीचा किंवा मोफत प्रवास असला तरी वाहकाकडून तिकीट मागून घ्यावे. सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला भरून देते आणि तो हिशेब यंत्रातून निघालेल्या तिकिटांवरच होतो. ‘ओळखीचे आजोबा आहेत, बसू द्या’ म्हणून बिनतिकिटाचे नेलेले दहा प्रवासी कागदावर नसतातच, आणि पुढे त्याच कागदाकडे बोट दाखवून फेरी बंद होते.

उत्तर : परवान्याच्या कामातला

खासगी मोटारीचा विचार सोडून द्यावा. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार विनापरवाना वाहतूक ठरते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करते. परवानाधारक रिक्षा किंवा टॅक्सी पूर्ण भाड्याने घेऊन एकाच करारावर ग्रामपंचायतीने पैसे देणे हा सुरक्षित मार्ग आहे. प्रत्येक आसनाचे वेगळे भाडे घ्यायचे असेल तर मात्र शेअर रिक्षाचा मार्ग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा लागेल.

५ टक्के निधीतून वैयक्तिक आणि सामूहिक, दोन्ही प्रकारचे लाभ देता येतात. तरीही वाहनभाड्याची बाब बसते की नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यामार्फत गटविकास अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारावे. नंतर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की पहिली चांगली योजना तेथेच संपते. हा निधी दिव्यांगांसाठीच असल्याने निराधारांचा खर्च त्यात मिसळू नका.

उत्तर : चाकाच्या खुर्चीवरून

वर सर्वांनी गाडीचे सांगितले. मी चढण्याचे सांगते. एसटीच्या पायऱ्या इतक्या उंच असतात की दोन माणसांनी उचलल्याशिवाय मला आत जाता येत नाही, आणि राखीव आसन त्यानंतरचा प्रश्न आहे. माझ्यासाठी ७५ टक्के सवलतीपेक्षा, खुर्ची घडी करून ठेवणारा आणि कोठे धरायचे हे विचारून हात लावणारा रिक्षावाला अधिक मोलाचा आहे. असे दोन-तीन चालक हेरून ठेवा. पावसाळ्यात पाखाडी शेवाळते, तेव्हा वरच्या घरांतील माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागते. ते चार खांदेकरी कोण, हेही तुमच्या वहीत असले पाहिजे.

तुम्ही खाडीकाठी आहात म्हणून सुचवते. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत वाहन चढते, त्यामुळे माणसाला खाली उतरावे लागत नाही. काही कामांसाठी चिपळूणपेक्षा दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय तुम्हाला सोयीचे पडेल का, हे एकदा पाहा. मात्र दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचे वार ठरलेले असतात. फोन करून त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ हजर आहेत याची खात्री केल्याशिवाय कोणालाही घराबाहेर काढू नका. मी दोनदा परत आले आहे.

प्रश्नकर्ता : खाडीकाठचा सदस्य

सर्वांचा आभारी आहे. वाहनाचा करार लेखी उत्तर येईपर्यंत थांबवतो, पण वहीला थांबण्याचे कारण नाही. चारही गावांतील आशा ताईंना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुढच्या आठवड्याच्या तारखा कळवायला सांगितल्या आहेत, आणि एका दिवशी एका दिशेची दोन नावे आली की मी स्वतः दोन्ही घरी फोन करणार आहे. पहिल्याच यादीत मंगळवारी चिपळूणला जाणारे तिघे निघाले. त्यांतील एकजण सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीतला आहे, म्हणून आता खांदेकरी शोधतो आहे.