‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’: मालवाहू जहाजाचे सैन्यवाहू जहाज करताना नेमके काय बदलले?

दर्यावाचक:
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे, म्हणजे एकाच आराखड्याची मालवाहू जहाजे, बांधली. त्यांपैकी ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’ हे जहाज सप्टेंबर १९४२ मध्ये बाल्टिमोरला पाण्यात उतरले, पहिल्या सफरीत सोव्हिएत संघासाठीची युद्धसामग्री घेऊन इराणच्या आखातात गेले, आणि परतल्यावर १९४३ मध्ये सैनिक नेण्यासाठी त्यात फेरबदल करण्यात आले. कोठारात झोपण्याच्या चौकटी बसवल्या की काम झाले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते मला पटत नाही. पेट्या आणि पोती वाहण्यासाठी बांधलेल्या जहाजात शेकडो माणसे दोन-दोन आठवडे राहणार असतील, तर आणखी काय काय करावे लागले असेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

यंत्रकक्ष:
आपली शंका रास्त आहे. झोपण्याची सोय हा या कामातला सर्वांत सोपा भाग होता. लोखंडी नळ्यांच्या चौकटींवर कॅनव्हास ताणून एकावर एक पाच थरांपर्यंत बिछाने बसवले जात आणि ते घडी करून बाजूला लावता येत. खरी अडचण वजनाची होती. लिबर्टी जहाज सुमारे दहा हजार टन माल वाहून नेई. पाचशे सैनिक सामानासकट मोजले तरी शंभर टनांच्या आतच राहतात. म्हणजे माणसांनी जागा भरली, तरी जहाज जवळजवळ रिकामेच असते, पाण्यावर उंच तरंगते, त्याला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा लाटांमध्ये उघडा पडतो आणि ते बेसुमार डोलते. त्यामुळे माणसे कोठाराच्या वरच्या मजल्यावर ठेवून खालच्या कोठारांत माल किंवा बॅलास्ट (जहाज स्थिर ठेवण्यासाठीचे वजन) भरणे भाग होते. तोही अंदाजाने भरून चालत नसे, कारण सगळे वजन अगदी तळाशी गेले तर जहाज झटके देत सरळ होते, आणि बिछान्यांच्या पाच थरांत झोपलेल्या माणसांची त्यात काय अवस्था होईल, याची कल्पना करावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मूळ आराखडा खलाशी आणि तोफांवरील नौसैनिक मिळून साठ-सत्तर माणसांचा होता. न्यूयॉर्कपासून फ्रान्सचा किनारा तीन हजारांहून अधिक सागरी मैल दूर. अकरा नॉटच्या (ताशी अकरा सागरी मैल) वेगाने कागदावरच बारा दिवस होतात आणि ताफ्यातून जाताना त्याहून जास्त. तेवढ्या दिवसांचे पिण्याचे पाणी साठवण्यासाठी टाक्या आणि समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रणा लागे. अंघोळ खाऱ्या पाण्यानेच उरकावी लागे. याशिवाय मोठा भटारखाना, शौचालये, हवा खेळती ठेवणारे पंखे, तराफे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोठारातून वर येणारे रुंद जिने. मालाला स्वतःहून बाहेर पडावे लागत नाही, त्यामुळे मूळ जहाजात उभ्या शिड्यांवर भागत होते.

पूर्वसमुद्र:
हे सगळे न केल्यास काय होते, याचे उदाहरण जपानच्या ‘तोयामा मारू’चे आहे. लिबर्टीचा ग्रॉस टनभार (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतील जागेचे माप) ७,१७६ आणि तोयामा मारूचा सात हजारांच्या आसपास, म्हणजे आकारमान जवळपास सारखेच. मात्र अमेरिकेने अशा जहाजात साधारण साडेतीनशे ते साडेपाचशे माणसे नेली, तर तोयामा मारूवर जून १९४४ मध्ये ओकिनावाकडे जाताना सुमारे सहा हजार सैनिक होते, आणि त्यांच्यासोबत पेट्रोलची पिंपेही. २९ जून रोजी ‘स्टर्जन’ या अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी जहाज पेटले आणि पाच हजारांहून अधिक माणसे मेली. एवढ्या गर्दीला जिन्यांपर्यंत पोहोचायलाही वेळ मिळणे शक्य नव्हते. युद्धकाळातील निकड मान्य केली, तरी एवढी माणसे कोंबणे अक्षम्य होते असे मी म्हणेन.

दर्यावाचक:
मनःपूर्वक आभार. मग माणसांची संख्या मर्यादित ठेवल्यामुळे लिबर्टी जहाजे सुरक्षित होती, असे म्हणता येईल का?

यंत्रकक्ष:
तसे म्हणता येणार नाही. ‘पॉल हॅमिल्टन’ हे लिबर्टी जहाज २० एप्रिल १९४४ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांच्या टॉर्पेडोला बळी पडले. त्यावर ५८० माणसे होती आणि ती सर्वच्या सर्व मृत्युमुखी पडली, कारण कोठारात दारूगोळा भरलेला होता. खालच्या कोठारांत वजन हवेच असते आणि युद्धात सर्वांत निकडीचा माल दारूगोळा हाच असतो, हे मी वर लिहिलेल्या गणिताचेच भीषण टोक आहे. माणसे आणि स्फोटके एकाच जहाजावर चढवण्याचा निर्णय जहाजाच्या रचनेने घेतलेला नव्हता, तो माणसांनी घेतला होता.

जुना नकाशा:
मूळ जहाजाविषयी थोडी भर घालतो. जॉन डब्ल्यू. ब्राउनने भूमध्य समुद्रात बरेच काम केले. इटलीतील अँझिओ आणि ऑगस्ट १९४४ मधील दक्षिण फ्रान्सवरील स्वारी या दोन्हींसाठी त्याने माणसे आणि सामान पोहोचवले. ट्युनिशियातील जर्मन आणि इटालियन सैन्याच्या मे १९४३ च्या शरणागतीनंतर तेथे अडीच लाखांच्या आसपास युद्धकैदी दोस्त राष्ट्रांच्या हाती आले होते. अमेरिकेकडे रिकामी परतणारी लिबर्टी जहाजे याच बिछान्यांवर त्यांना घेऊन जात, त्यामुळे फेरबदलाचा खर्च दोन्ही दिशांना उपयोगी पडला.

युद्ध संपल्यावर सैनिक घरी आणण्यासाठी मात्र लिबर्टीनंतरच्या आराखड्याची, अधिक वेगवान व्हिक्टरी जहाजे पुढे आली. अशी ९७ जहाजे बदलून घेण्यात आली आणि प्रत्येकात सुमारे दीड हजार माणसे मावत. बहुसंख्य लिबर्टी जहाजे पुढे भंगारात गेली. ब्राउन वाचले, कारण १९४६ ते १९८२ पर्यंत ते न्यूयॉर्कमध्ये सागरी शिक्षणाची शाळा म्हणून वापरले गेले आणि विद्यार्थ्यांनी त्याचे वाफेचे इंजिन जपले. आज ते बाल्टिमोरला संग्रहालय म्हणून उभे आहे.